धुतलेला दगड

विमानात हात पुसायला दिलेला गरम रुमाल मी सुरळीची वडी समजून चावला होता — हे मी भेटेल त्याला सांगतो. पण ही एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. तुला सांगतो.

२००५ साल. अमेरिकेत, फ्रिस्कोत मुलाकडे राहायचो. शेजारी हेल्गाताई — सत्तरीची जर्मन बाई, एकटी. तिचं इंग्रजी जर्मन, माझं मोडकं, म्हणून छान जमायचं. ती महिनाभर बर्लिनला निघाली, किल्ली मला दिली. झाडांना पाणी घाल, बस.

तिच्या खिडकीत एक दगड होता. मुठीएवढा, खाली पांढरा रुमाल, बाजूला मेणबत्ती. दुपारचं ऊन पडद्यातून त्याच्यावर यायचं, आणि तो पाण्याखाली असल्यासारखा हलायचा. मी बघतच बसायचो. आता तूच सांग, आपल्याकडचा माणूस काय समजेल? वाटलं, हिचा देव. आणि महिनाभर बिनआंघोळीचा?

रोज आंघोळ घातली. एका अंगाला निळे डाग होते — जुनं गंध असेल, म्हणून काथ्यानं घासले. हळूहळू, गुणगुणत. निळं पाणी सिंकमध्ये उतरायचं, जसं काही आभाळच विरघळतंय. मग कुंकू, एक फूल. इतकं शांत वाटायचं...

ती येणार त्याच्या आदल्या दिवशी मुलाला सहज विचारलं, हेल्गाताईचा देव कोणता रे? तो हसला.

"बाबा, तो बर्लिन वॉलचा पीस आहे. शहराच्या मधोमध भिंत घातली होती ना, तिची बहीण पलीकडे अडकली होती. भिंत पडली तेव्हा बहिणीनं तो तोडला, त्यावर हिला चार ओळी लिहून दिल्या. आता ती बहीणही नाहीये."

लिहून दिल्या. म्हणजे ते डाग — अक्षरं होती. चौथीतून पळालेल्याला अक्षर कुठलं आणि डाग कुठला?

इथपर्यंत चूकच होती, नाही का? सांगता आली असती. मी काय केलं? कुंकू पुसलं, फूल फेकलं, दगड उलटा ठेवला.

ती आली, केक घेऊन. दगड उचलला, फिरवला. कोऱ्या अंगावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिली. मग माझ्याकडे बघितलं.

मी खांदे उडवले. "आय डोन्ट नो."

ती चिडली नाही. खिडकीकडे बघत सावकाश बोलली. तिकडे भिंतीचा थोडा भाग मुद्दाम उभा ठेवलाय, लोक फुलं घेऊन जातात, ती बहिणीसाठी तिथंच उभी राहून आली होती. पण ती स्वतः लहान होती, युद्ध नुकतंच संपलं होतं, तेव्हा गल्लीतून उचलून नेऊन मारलेल्या शेजाऱ्यांबद्दल कुणालाही विचारा — ठाऊक नाही. तिच्या वडिलांनाही काहीच ठाऊक नव्हतं. आम्हीच केलं, एवढं म्हणायला आम्हाला फार वर्षं लागली, म्हणाली.

हे ती मला सांगत होती की दगडाला?

तिनं केक कापला. मी खाल्ला. आणखी घे म्हणाली, तोही घेतला. निघताना झाडांसाठी थँक यू म्हणाली. मी म्हटलं, नो प्रॉब्लेम.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही शेजारी होतो. दगड मी धुतला होता, हे मला ठाऊक होतं.