अमेरिकेला कशाला सांगायचं?

मी किस्से सांगायला लागले की मैत्रिणी म्हणतात, "तू रचून सांगतेस." अगं, रचायला वेळ कोणाला आहे? ठाण्याच्या नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. परदेशी कॉलेजांचे अर्ज भरायला मुलं येतात, सोबत घरचे येतात, आणि ते गेले की टेबलावर बिस्किटांचा चुरा आणि एक किस्सा उरतो. चुरा निदान पुसता येतो.

मुद्दा एवढाच. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी सॅट नावाची परीक्षा असते. पण बरीच कॉलेजं म्हणतात, स्कोअर पाठवायचा तर पाठवा, नाहीतर राहू द्या. त्यांच्याकडे एरवी येणाऱ्या मुलांपेक्षा स्कोअर कमी असेल तर मी सांगते, नका पाठवू. मार्क न सांगण्याची सोय असते, हे ऐकूनच निम्मे पालक हादरतात!

*

डोंबिवलीचे एक सर आलेले. शाळेत गणित शिकवतात. माझं ऐकून ताडकन उभेच राहिले. "मॅडम, मार्क लपवायचे? ही शुद्ध फसवणूक आहे!"

मी म्हटलं, "सर, कॉलेजनेच तशी परवानगी दिलीय."

सरांनी जरा विचार केला. "मग ते कॉलेजच बोगस आहे!"

आणि यादीतून ते खरंच काढायला लावलं. त्यांचा मुलगा रडकुंडीला आलेला.

*

अगदी दुसरं टोक म्हणजे घोडबंदर रोडच्या एक ताई. मुलीचा स्कोअर असा, की मी चष्मा काढून पुन्हा बघितला. म्हटलं, "हा पाठवायचाच!"

ताईंनी दाराकडे बघत आवाज खाली आणला. "नको हो. दृष्ट लागते. आम्ही सोसायटीत कुणाला सांगितलं नाही, अमेरिकेला कशाला सांगायचं?"

मी अर्धा तास समजावलं. शेवटी कशाबशा तयार झाल्या. पण जाताजाता विचारलंच, "ते लोक बाकीच्या मुलांच्या आयांना नाही ना सांगत?"

*

कल्याणचा एक मुलगा. मी म्हटलं, "हा स्कोअर राहू दे, नको पाठवायला." त्याची आई उसळली. "एवढा चांगला स्कोअर आणि नको?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. आईचा चेहरा पांढराफटक. पठ्ठ्याने घरी भलताच आकडा सांगितलेला!

मग माझ्याकडे बघून म्हणतो कसा, "मॅडम, तुम्हीच बोललात ना ऑप्शनल आहे? मला वाटलं घरीपण ऑप्शनल आहे."

*

वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप असलेल्या एका वडिलांना मात्र पहिल्या फटक्यात पटलं. इतकं पटलं की मीच घाबरले.

"बरोबर आहे मॅडम तुमचं. टेस्टिंगमध्ये फेल गेलेला पीस आम्हीपण पार्टीला दाखवत नाही."

पीस शेजारीच बसलेला. मी त्याला पाणी दिलं.

*

आणि सायली. शीळफाट्याजवळच्या गावातली, जुन्या शेतकरी घरातली. आता शेतांवर टॉवर उभे आहेत, पण घरातून शिकायला बाहेर पडणारी ही पहिलीच. हुशार पोरगी. एका कॉलेजात तिचा असा जीव अडकलेला की तिथल्या वसतिगृहाच्या खिडक्यासुद्धा तिला पाठ! दुसरीकडे अर्ज करायलाच तयार नाही. स्कोअर चांगला होता, पण त्या कॉलेजच्या मानाने कमी.

मी नको म्हणायच्या आत आजोबांनी शीळफाट्याला बॅनर लावलेला. सायलीचा फोटो, खाली हा एवढा मोठा स्कोअर! मग सगळं घर दोन गाड्या भरून माझ्याकडे आलं. आजोबा मला पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणायचे.

"सगल्या शिलफाट्याला म्हाईत हाय बाय, न कालेजला नाय सांगाचा? कनाला?"

मी शांतपणे समजावलं. "आजोबा, पाठवला तर तिला घेणार नाहीत. नाही पाठवला तर बाकीचं सगळं उत्तम आहे, घेतील."

"पाठवला तं नक्की नाय घेनार?"

"जवळजवळ नक्की."

आजोबांनी सायलीकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग नको पाठवू." सायलीने सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली. मला तर भरून आलं. एवढा मानी माणूस, नातीसाठी ऐकला!

अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी दार उघडलं. आजोबा. एकटेच, रिक्षाने आलेले. चहा नको म्हणाले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाय, तो स्कोर पाठवून टाक."

मला वाटलं, वय झालंय, विसरले असतील. "अहो आजोबा, त्या दिवशी सांगितलं ना? पाठवला तर घेणार नाहीत तिला!"

"म्हून तं सांगतंय."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हटलं, "आणि सायलीला काय सांगायचं?"

"तिला कनाला सांगतेस?" आजोबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "त्यांचा नकार आला का मी हाय ना. दोघां घरच्या वटीवर बसून त्या कालेजला शिव्या देऊ."