कडेचा डांब

माझ्या मुलीने फिजिक्स सोडलं. मी सोडलं नाही.

ती अकरावी सायन्सला होती तेव्हा दुपारची ओट्यावर बसून मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ बघायची. मी शेजारी बसून मेथीच्या जुड्या बांधायचे. आमचं शेत मखमलाबादच्या अंगाला, भाजीपाल्याचं. मेथी दुपारी काढायची, जुड्या बांधायच्या, की संध्याकाळच्या लिलावाला गाडी भरून जाते. हात चालू असायचे, कान मोकळे असायचे. त्यात ते सर बोलायला लागले की माझ्या जुड्या लहान-मोठ्या व्हायच्या.

पुढे मुलगी कॉमर्सला गेली. तिला नवा फोन मिळाला आणि काच तडकलेला जुना फोन माझ्याकडे आला. फोन उघडला की समोर तेच सर. फोनला काय कळतंय की बघणारी बदलली. मीही त्याला कळू दिलं नाही.

मी चौथी शिकलेली. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि आमच्याकडच्या मुली तिकडे जात नव्हत्या. एवढंच. त्यावर रडायला मी हे लिहीत नाही.

मला चार माणसांत बोलता येत नाही. बाजारात भाजी घेऊन बसले तर ओरडता येत नाही, गिऱ्हाईक आपणहून थांबेल तेवढंच. त्यामुळे सर पहिल्यांदा फळ्याकडून वळून म्हणाले, "बोला, किती येईल?" आणि गप्प उभे राहिले, तेव्हा मी घाबरून खाली बघितलं. ओट्यावर कुणी नव्हतं. मग ध्यानात आलं की ह्या माणसाला मी दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि माझं चुकलं तरी तो हसणार नाही. त्या दिवसापासून मी उत्तरं द्यायला लागले. पदराखाली इअरफोन, आणि तोंडातल्या तोंडात उत्तर. बहुतेक चुकायचंच.

सर सांगत होते की वस्तू स्थिर आहे म्हणजे तिच्यावरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य आहे. हे मला पटेना. तागडीच्या एका पारड्यात किलोचं वजन, दुसऱ्यात किलोभर कारली, काटा मधोमध. बेरीज दोन किलो. शून्य कुठून आलं? शून्य म्हणजे रिकामी तागडी. मी व्हिडिओ थांबवला आणि सरांना सांगितलं की तुमचं चुकतंय. तो एकच व्हिडिओ मी बरेच दिवस बघत राहिले, पुढे जाईना.

मग एकदा बाजारात दोडके तोलताना मनगट दुखलं आणि हात खाली करावासा वाटला. तेव्हा कळलं. दोन्ही पारडी खाली ओढतात ते मी मोजत होते. तागडी वर धरून ठेवणारा हात मी मोजतच नव्हते. पारडी आणि तागडी मिळून जेवढी खाली, तेवढाच माझा हात वर. तेव्हा कुठे शून्य. इतकी वर्षं तागडी धरली, हात दुखला, पण तो हात बेरजेत घ्यायचा असतो हे सुचलं नव्हतं. समोरच्या बाईला मी दोडके देता देता हसले असणार, कारण तिने तागडीकडे संशयाने बघितलं आणि पुन्हा तोलायला लावलं.

साइन आणि कॉस मला जमले नाहीत. अजून जमत नाहीत. पण एका व्हिडिओत सरांनी दुसरी रीत दाखवली. प्रत्येक ओढीचा एक बाण काढायचा, जास्त ओढ असेल तर लांब बाण, कमी असेल तर आखूड. मग एका बाणाच्या टोकाला दुसऱ्याचं शेपूट जोडत जायचं. फिरून पहिल्या जागी आलो तर वस्तू स्थिर. मधे फट राहिली तर ती हलणार. हे मला जमलं. खराट्याच्या काड्या मोडून मी ओट्यावर त्रिकोण मांडायचे. काडी पुरेना की दुसरी घ्यायची.

आणि एक गोष्ट मला फार आवडली. हिशोब करायचा ती वस्तू आधी कागदावर एकटी काढायची. भिंत नाही, दोरी नाही, जमीन नाही, फक्त ती वस्तू आणि तिला कोण कुठून ओढतंय किंवा ढकलतंय त्याचे बाण. मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, किती भारी. म्हणजे बाईचं पण तसंच ना, सगळीकडून ओढतात आणि ती मधे उभी. मी स्टेटसला टाकू का?"

"नको टाकू," मी म्हणाले.

"का?"

"मी डांबाचं सांगतेय."

ती हसली. पण मी खरंच डांबाचं सांगत होते. बाईने काही शिकलं तर ते तिने संसाराला लावून दाखवायचं, तेव्हाच ते चालतं. स्वयंपाकात उपयोग, पोरांना उपयोग, नाहीतर मनाला शांती. मला शांती नको होती. मला एवढंच कळून घ्यायचं होतं की आमच्या कारल्याच्या मांडवाचा कडेचा डांब दर साली आत का वाकतो.

मांडव म्हणजे शेतात डांब, म्हणजे उंच खांब, पुरायचे, वरून तारा ताणायच्या आणि त्यावर वेल चढवायचा. मधल्या डांबांना दोन्हीकडून तार ओढते, त्यांचं भागतं. कडेच्या डांबाला एकाच बाजूने, आतून ओढ. म्हणून त्याच्या डोक्यापासून बाहेरच्या बाजूला एक तार खाली आणून जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतात. तिला आम्ही ताण म्हणतो. आमच्याकडे हा ताण डांबाच्या अगदी पायाशी बांधायची पद्धत. माझे सासरे तसाच बांधायचे, आता धाकटे दीर बांधतात. जागा वाया जात नाही, ट्रॅक्टर वळतो. आणि कारली धरली की दर साली डांब आत वाकतो, मग बांबूचे टेकू लावायचे आणि म्हणायचं की जमीन भुसभुशीत आहे.

मी काड्या मांडून बघितल्या. वरची तार आत ओढते ती एक काडी, आडवी. जमीन डांबाला वर रेटते ती उभी. ताणाची तिरकी. ताण पायाशी असला की तिरकी काडी जवळजवळ उभीच होते, आणि त्रिकोण मिटायला ती लांबच लांब घ्यावी लागते. म्हणजे तेवढ्याच कारल्यांसाठी तारेला कितीतरी जास्त ओढ. ताण डांबापासून लांब नेला की काडी आखूड होते. मी हे पुन्हा पुन्हा मांडलं. दर वेळी तेच आलं.

मांडव उभारायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते. मी भाकरी वाढता वाढता म्हणाले, "अहो, यंदा पुढच्या कडेचा ताण लांब बांधायचा का?"

दीर भाकरीचा घास हातात धरून माझ्याकडे बघायला लागले.

"दादा, ऐकलं का? वहिनी बोलल्या. त्या बी मांडवावर."

"लांब का?" हे म्हणाले.

"जवळ बांधला की त्याच्यावर लय जोर येतो."

"मोबाइलातल्या मास्तरनं सांगितलं असंल," दीर म्हणाले. "वहिनी, मास्तरला विचारा की, करपा आला तर काय फवारू."

"ते त्यांचं नाय. ते फिजिक्सचे हायेत."

ह्यावर दोघेही हसले. मीही थोडी हसले, पण भाकरीची टोपली घेऊन आत गेले नाही. तिथेच उभी राहिले. हे पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरं. पुढची रांग तुझ्या हिशोबानं. पण पडली तर ते दुपारचं व्हिडिओ-बिडिओ बंद. कबूल?"

मी काही बोलले नाही. पदर सारखा केला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी दिरांनीच ताण बांधले, मी जिथे दाखवलं तिथे. दगड पुरायला खड्डे मी खणले. त्यांना काम वाईट करता येत नाही, चेष्टा करत करत त्यांनी तारा चांगल्या ओढल्या. कोपऱ्यातल्या डांबाचा ताण लांब नेला तर तो मेथीच्या वाफ्याच्या कडेला आला. ट्रॅक्टरला वाट राहिली. मला बरं वाटलं.

कारली धरेपर्यंत मी रोज सकाळी त्या रांगेवरून चक्कर मारायचे. डांब सरळ होते. वेल दाटला, खाली सावली पडली, कारली लोंबायला लागली. तरी सरळ. दीर जाता येता डांबाला थोपटायचे आणि म्हणायचे, "काय मास्तर, बरं हाय ना?"

मग एका दुपारी वारं सुटलं आणि कोपऱ्यातला डांब आत झुकला. तारा सैल पडल्या, तो कोपरा छातीपर्यंत खाली आला, वेल मुडपले. बाकीच्या रांगेतले डांब उभे होते. पण बघायला आलेल्यांनी पडलेलाच बघितला. तार तुटली नव्हती. मेथीच्या कडेचा दगड चिखलातून सरकत पुढे आला होता आणि त्याचं डोकं वर दिसत होतं.

मी त्या दगडाकडे बघत उभी राहिले. सकाळी मेथीला पाणी मीच दिलं होतं. एक दिवसाआड पाटाचं पाणी त्या वाफ्यात मीच सोडते. अख्ख्या शेतात कुठली माती सगळ्यात ओली असते हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि दगड पुरायला मी नेमकी तीच जागा दाखवली होती.

सरांच्या फळ्यावर जमीन असते तिथे ते तिरक्या रेघा मारतात. भिंतीलाही तशाच. त्या रेघा मारल्या की ती जागा हलायची नाही, असं धरून चालायचं. मीही ओट्यावर काड्या मांडताना तसंच धरलं. तागडीच्या वेळी हात विसरले होते, आता जमीन विसरले. दगडालाही एकटा काढून त्याचे बाण मांडायला हवे होते. ते मी केलं नाही.

"वहिनी, मास्तरला बोलवा," दीर बांबू आणता आणता म्हणाले. "टेकू धरायला माणूस कमी हाय."

टेकू लावून झाल्यावर हे ओट्यावर येऊन बसले. फोन माझ्या शेजारीच पडला होता. तो उचलून त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवला.

"उद्यापासून बंद."

"नाय," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले. त्यांनी मागे बघितलं.

"कबूल केलं होतंस तू."

"मी गप होते. गप म्हणजे हो, हे तुमचं तुम्ही धरलं."

"मग डांब पडला त्याचं काय?"

"पडला म्हणूनच बघायचंय."

"दादा, ह्या आता बारावी करणार," दीर म्हणाले.

एरवी मी इथे उठून आत गेले असते. आज मी दिरांकडे बघून बोलले. त्यांच्याकडे बघून मी इतकं कधी बोलले नव्हते. "भाऊजी, तुमचा डांब दर साली वाकतो. मामंजींचा बी वाकायचा. तुमचं कधी कुणी काय बंद केलं का?"

दीर हसायला गेले आणि मधेच थांबले. हातातली पक्कड त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. मी फोनसाठी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. शेवटी ह्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातावर ठेवला. खुशीने नाही. ठेवला एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी तो दगड उकरला आणि पाटाच्या पलीकडे, मुरूम लागतो तिथे खड्डा घेतला. कुदळ उडत होती, इतकी ती जागा टणक. ताण आता आणखी लांब गेला आणि पाणी सोडताना मला तारेखालून वाकून जावं लागतं. दीर आले, खड्ड्यात डोकावले, म्हणाले, "आणखी खाली घ्या," आणि कुदळ मागितली. मी दिली नाही. तार ओढायला मात्र त्यांना बोलावलं, कारण ती एकटीने ओढली जात नाही.

हा डांब उभा राहील की नाही ते मला माहीत नाही. ह्या खेपेला दगडाचे बाण मांडून बघितले आहेत. तरी काहीतरी राहिलं असेल. राहिलं असेल तर पडेल, मग काय राहिलं ते बघेन. पडला म्हणून ओट्यावरून उठणार नाही.

इअरफोन मी मुलीला परत दिले. आज दुपारी फोन जुड्यांच्या ढिगाला टेकवून ठेवला आणि आवाज मोठा केला. हे ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून सुतळी सोडवत होते. सर फळ्याकडून वळले आणि म्हणाले, "बोला, शिडी सरकेल की टिकेल?"

"टिकंल," मी मोठ्याने म्हणाले.

सरकणार होती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी व्हिडिओ मागे घेतला आणि पुन्हा लावला.