नांदेड रोडवरची बुजवलेली खदान

आमच्या घरात देव नाहीत. माझ्या आजोबांनी छप्पन साली देवळीतले टाक उचलून ओढ्यात सोडले. वडील म्हणायचे, देव गेले तेव्हा त्यांच्याबरोबर भुतंही गेली, आता मागे वळून बघायचं नाही. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. या सदरात लोक पिंपळ, पैंजण, अमावस्या असं काही काही लिहितात ते मी वाचते, आणि लाल पेन हातात असल्यासारख्या चुका काढते. त्यामुळे आज हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय... आणि काही लोकांचा त्याहून जास्त. खाली कमेंटमध्ये कृपया लिंबू-मिरचीचे उपाय सुचवू नका.

आमचं घर लातूरच्या बाहेर, नांदेड रोडला. हा राज्य महामार्ग आता सगळ्यांना ओळखीचा आहे – मंगल कार्यालयं, ट्रॅक्टरची शोरूम, क्लासेसचे बोर्ड, आणि मधे मधे प्लॉटिंगचे दगड रोवलेली पडीक रानं. पण निजामाच्या काळात इथं नुसती गाडीवाट होती, गावागावाला वळसा घालत जाणारी. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली की बैल सोडून लोक पायी निघायचे. बहात्तरच्या दुष्काळात हा रस्ता सरळ केला, खडी पसरली. ती खडी मशीननं फुटलेली नाही. बायांनी हातोडीनं फोडलेली आहे. पुढे ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला, साहेब लोकांच्या गाड्या वाढल्या, मग घाईघाईनं डांबर पडलं. रस्त्याकडेच्या खदानी मुरूम टाकून बुजवल्या आणि त्यावर प्लॉट पडले. तशाच एका खदानीला लागून आमचा प्लॉट. घराची जागा बघायला आईला नेलं होतं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "खदान कुठं गेली हितली?" मिस्टर म्हणाले, "भरली की केव्हाच." आई तिथूनच मागं फिरली.

आता त्या वर्षाबद्दल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. आमच्या कॉलनीत टँकर आला तर आला. त्याच उन्हाळ्यात रस्ता चौपदरी करायला घेतला. म्हणजे प्यायला पाणी नाही, पण रस्त्यावरचा धुरळा दाबायला कंत्राटदाराचा टँकर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होता. मी दोनदा जाऊन भांडले. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, ते पिण्याचं नाही." मी म्हटलं, "तुम्ही पिऊन बघितलं का?" त्यावर तो मोबाइलमध्ये बघत बसला.

सुट्टी लागली होती. भर दुपार, ऊन असं की गेटची कडी हाताला चटका देत होती. मिस्टर ऑफिसला. आई आतल्या खोलीत पडलेली. मी ओट्यावर रांजणाला ओलं फडकं गुंडाळत होते, तेवढ्यात गेटबाहेरून आवाज आला.

"माय, पानी वाढता का थोडं?"

पंचविशीची बाई असेल. नऊवारी लुगडं, गुडघ्यापाशी ठिगळ. दोन्ही हात कोपरापर्यंत दगडाच्या भुकटीनं पांढरे. बोटांना सायकलच्या ट्यूबच्या टोप्या घातलेल्या. डाव्या भुवईवर ताजी चीर, रक्त सुकलेलं. मला वाटलं रस्त्याच्या कामावरची असेल. आजकाल नऊवारी कोण नेसतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. उन्हात माणूस एवढा विचार करत नाही.

मी तांब्या भरून गेटपाशी नेला. तिनं हात पुढे केले ते ओंजळ करून, आणि दोन पावलं मागं सरकली.

"तांब्या घ्या ना," मी म्हटलं.

"न्हाई माय. आमचा हात कसा लागंल तांब्याला? वरून वाढा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यावर नाही... पण आवाज चढला तो तिच्यावरच. "इथं कुणी कुणाला वरून पाणी वाढत नाही," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध आहोत. आत या, ओट्यावर बसा, आणि तांब्यानं प्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आपल्यातलेच हाव का?"

ती आत आली, ओट्यावर टेकली आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून प्याली. इतकं तहानलेलं माणूस मी बघितलेलं नाही. मी परत भरून दिला, तोही संपवला.

"कुठं काम चाललंय तुमचं?"

"हितंच की. खदानीत."

"तिथं पाणी नाही देत?"

"हाय वर पिंप. पर मुकादम आमाला शिवू देत न्हाई. खाली कडंला झिरपा हाय, तिथलं आनावं लागतंय. वरची कड सैल झालीय. मी म्हनले त्याला, पडंल ही. तर हसला."

मी विचारलं, "कोण मुकादम? नाव सांगा. आत्ता येते मी तुमच्याबरोबर." खरंच निघाले असते. मला वाटलं, एवढा मोठा रस्ता, एवढे बोर्ड, आणि आजच्या काळात पिंपाला हात लावू देत नाहीत? ॲट्रॉसिटीची केसच करते.

ती म्हणाली, "नाव घिऊन काय करता माय. मला एक भांडं भरून द्या. लेकरू बाभळीखाली झोळीत हाय, त्याला पाजायचंय."

मी बाटली भरायला आत गेले. बाहेर आले तर ओटा रिकामा. गेटची कडी लावलेली – आणि आमची कडी काढली की करकरते, आतपर्यंत ऐकू येते. मी रस्त्यापर्यंत गेले. दोन्ही बाजूंना सरळ रस्ता, सावलीला एक झाड नाही. चौपदरीकरणात सगळी तोडलेली. बाभूळ तर कुठंच नव्हती. आणि तेव्हा लक्षात आलं, आपल्याकडच्या या कामावर खडी फोडणारी बाई मी एकही बघितलेली नाही. सगळी मशीनं आहेत.

परत आले तर आई दारात उभी. चौकटीला धरून.

"कोन बोलूलालं होतं?"

"कामावरची बाई होती गं. पाणी मागत होती."

"भुवईला लागलं होतं का तिच्या?"

मी अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. आई खाली बसली, तांब्या हातात घेतला. त्याच्यावर पांढऱ्या भुकटीचे बोटांचे ठसे होते. आई त्यावरून पदर फिरवायला गेली आणि थांबली.

"सोजराचा आवाज हाय त्यो," ती म्हणाली.

सोजरा म्हणजे माझी मोठी मावशी. तिच्याबद्दल आम्हाला लहानपणापासून एकच माहीत होतं – दुष्काळात ती ट्रकवाल्याबरोबर पळून गेली, तान्ही पोर टाकून. ती पोर म्हणजे माझी मावसबहीण छाया, उदगीरला दिली. छायाला शाळेत, सासरी, भांडणात, लग्नकार्यात... जिथं तिथं 'पळालेलीची लेक' म्हणून ऐकावं लागलं. तिनं स्वतःच्या मुलीला कॉलेजात पाठवायला सासूशी भांडण काढलं तेव्हा सासू म्हणाली, "रक्तातच हाय, पाठव, पळंल."

त्या दुपारी आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. बहात्तरला दोघी बहिणी याच रस्त्याच्या कामावर होत्या, इथल्याच खदानीत. सकाळीच दगडाची कपची उडून सोजराच्या भुवईला लागली होती. दुपारी छाया झोळीत रडायला लागली, सोजरा पाणी आणायला खाली उतरली, आणि कड कोसळली. आईनं आवाज ऐकला. ती ओरडत गेली तर मुकादम म्हणाला, खाली कुणी नव्हतं. काम बघायला वरून साहेब येणार होते, काम थांबवायचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यानंच उठवलं की सोजरा ट्रकमध्ये बसून गेली.

"मी सांगितलं समद्यांना," आई म्हणाली. "माझ्याच बापानं गप बसिवलं. म्हनला, नाव काढू नको तिचं. मी सतरा-अठरा वर्साची. कुनाला काय म्हनू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्याआधी उठली आणि थेट रस्त्यावर गेली. जेसीबी नालीसाठी जिथं खोदत होता त्याच्या अलीकडे बसली, मातीत. "हितं खांदा," म्हणाली. सुपरवायझर मला म्हणाला, "मॅडम, म्हातारीला न्या, अपघात होईल." मी म्हटलं, "नाली इथूनच जाणार आहे ना? मग आज इथून सुरू करा." माझा आवाज ऐकून की काय, त्यानं केलं.

मुरूम निघाला, त्याखाली कचरा, त्याखाली दगड. आणि मग जेसीबीवाल्यानं स्वतःहूनच मशीन बंद केलं.

हाडं होती. जवळ हातोडीचं लोखंड, दांडा कुजून गेलेला. आणि काळ्या रबराच्या टोप्या – कडक झालेल्या, पण शिवण दिसत होती. आई म्हणाली, "मी शिवल्यात त्या. आमच्या दादाच्या सायकलीची ट्यूब कापून." मी त्या टोप्या आदल्या दिवशी बोटांवर बघितल्या होत्या. माझ्या ओट्यावर. काळ्या, नरम, नव्या.

आता राग कशाचा तर ऐका. सुपरवायझरनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "जुनं स्मशान असंल मॅडम. वर मुरूम टाकतो, विषय संपवू. पंचनामा झाला तर काम अडकतं." काम अडकतं. त्या मुकादमाचंच वाक्य. मी खड्ड्यात उतरून उभी राहिले, आणि पोलीस येईपर्यंत हलले नाही. पंचनामा झाला. डॉक्टर म्हणाले, तरुण स्त्री, खूप जुनं. नमुना तपासायला पाठवला म्हणाले. रिपोर्ट अजून आलेला नाही. विचारायला गेलं की साहेब मीटिंगला असतात.

छायाला फोन केला. ती संध्याकाळच्या एसटीनं आली, खड्ड्याच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "पळाली नव्हती."

मग म्हणाली, "बापाकडं चल."

मावसा – सोजराचा नवरा – अजून गावातच होता, रस्त्यालगतच्या खोलीत. दुसरं लग्न केलं, तीही बायको वारली. रस्त्याच्या खात्यात मैल कामगार म्हणून त्यानं सगळी नोकरी याच रस्त्यावर काढली. खड्डे बुजवणे, गवत काढणे, दगडांना चुना लावणे. छायानं बाजेसमोर उभं राहून सांगितलं, "आई सापडली. खदानीत."

त्यानं हातातली तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "ठावं होतं."

मला वाटलं छाया त्याला मारेल. ती फक्त म्हणाली, "तुमच्या समोर मला पळालेलीची लेक म्हनले. तुमी जेवत बसलेले असायचे."

"हाव," तो म्हणाला. "मुकादम म्हनला, पळाली म्हन, तुला रस्त्यावर पर्मनंट लावतो. न्हाई म्हनलो असतो तर त्या साली तुला काय घातलं असतं खायाला? माती?"

छायानं पिशवी उचलली. तोच परत बोलला, आमच्याकडे न बघता. "तिथला खड्डा मी कदी दुसऱ्याला भरू दिला न्हाई. समद्या नोकरीत. तिथला मीच भरलाव."

मला त्या क्षणी त्याची कीव येणार होती. ती आली नाही, आणि मी येऊ दिली नाही. छाया वळली आणि चालत रस्त्याला लागली. पुढच्या वर्षी तो गेला तेव्हा ती उदगीरहून आली नाही. पण सासूला तिनं एकदा आमच्या घरी आणलं, ती जागा दाखवली आणि म्हणाली, "आता बोला." पोर कॉलेजात गेली.

माझ्या ओट्यावर पाणी कोण प्यालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. उन्हानं भास झाला म्हणावं तर आईनं आवाज ऐकला. आईनं आधी कधी सांगितलं असेल आणि माझ्या मनात राहिलं असेल म्हणावं, तर तांब्यावरचे ठसे मिस्टरांनीही बघितले. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, मला 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटत नाही. माहीत नाही. पण कड कशी कोसळली ते माहीत आहे. पिंप कुणी शिवू दिलं नाही ते माहीत आहे. त्याचा कुणी जाब विचारत नाही, आणि तुम्ही मला विचारता, ती जाताना पाय उलटे होते का.

रस्ता पूर्ण झाला. छान झालाय, नांदेडला पटकन पोचतो माणूस. खदानीच्या जागेसमोर आता डिव्हायडर आहे आणि त्यात कण्हेर लावलीय, गुलाबी. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात परत तांब्या-तांब्यानं पाणी मोजत होतो, तेव्हाही त्या कण्हेरीला रोज सकाळी टँकर यायचा.