टेबलावर संगं कोण हुतं?

"थायरॉइड," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या गळ्यावरची गाठ दोन बोटांत धरून मला आवंढा गिळायला लावला. गाठ वर गेली, खाली आली. थायरॉइड म्हणजे गळ्यातली एक ग्रंथी. माझी वाढून मोठ्या लिंबाएवढी झाली होती आणि श्वासाच्या नळीला रेटत होती. ती कापून काढायची, त्या ऑपरेशनला थायरॉइडेक्टॉमी म्हणतात. नाही काढली तर, असं मी विचारलं. "आज जिना चढताना दम लागतोय, उद्या बसल्या जागी लागेल," ते म्हणाले.

मग हात धुताधुता त्यांनी आणखी एक सांगितलं. "या ग्रंथीला चिकटून रिकरंट लॅरिंजियल नावाची नस जाते. आवाज तिच्यावर चालतो. आम्ही जपून काम करतो, पण आवाजाची खात्री देत नाही."

मोठ्या दुष्काळाच्या पुढचं वर्ष होतं ते. मी सोलापूरच्या एका गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाची बायको, आणि आमच्या चर्चमध्ये गीत उचलणारी बाई. पेटी बिघडली तरी उपासना अडायची नाही, सूर मी धरायची. त्याचा मला चांगला ताठा होता. डॉक्टरांच्या त्या एका वाक्यानं माझी झोप उडाली. गाठीची भीती राहिली बाजूला, आवाजाचीच धास्ती बसली.

दाखल झाल्यावर तपासण्या सुरू झाल्या. रक्त घेतलं, गळ्याचा एक्स-रे काढला. घशात छोटा आरसा घालून आवाजाच्या पट्ट्या हलतात का ते बघितलं, तेव्हा ओकारी येऊन जीव नकोसा झाला. बाकी नुसतं बाकावर बसून राहायचं. तुमच्यावर ही वेळ आली तर सांगून ठेवते, कापण्यापेक्षा ते बसणं अवघड.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. प्रार्थना केली, आणि जाताना म्हणाले, वॉर्डात इतकी दुखणाईत माणसं आहेत, प्रभूबद्दल दोन शब्द बोलत चला. मला असा राग आला म्हणून सांगू. मी म्हटलं, ते काम तुमचं, तुम्ही शिकून आलाय. मला गाता येतं, प्रवचन येत नाही. बिचारे हसले आणि गेले.

शेजारच्या खाटेवर गंगव्वा होती. अक्कलकोटकडची, लिंगायत, घरची शेती. तिलाही तेच दुखणं, पण गाठ माझ्यापेक्षा मोठी. उताणी झोपली की घशातून शीळ वाजल्यासारखा आवाज यायचा. मी तिच्याहून मोठी, म्हणून मला अक्का म्हणायची. माझ्यानंतर तिचा नंबर होता.

माझं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पाणी मागायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. डॉक्टर म्हणाले, "नस ताणली गेली असावी. आवाज परत येईलही, नाहीही येणार. वाट बघायची." कुजबुजण्यापलीकडे मला काही येईना. मी भिंतीकडे तोंड करून रडले. प्रभूला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. घ्यायला तुला दुसरं काही सापडलं नाही का, असंही म्हटलं.

गंगव्वाला न्यायचा दिवस उजाडला. सिस्टर म्हणाल्या, गळ्यातलं सगळं काढा. तिच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. ते अंगावेगळं करायचं नसतं. तिनं डबी मुठीत आवळली आणि काही केल्या ऐकेना. शेवटी डॉक्टरांनीच तोड काढली, डबी दंडावर पट्टीनं बांधा म्हणाले. बांधली. तरीही गंगव्वा खाटेचा गज सोडेना. नवरा पायाशी उभा राहून कानडीत विनवत होता.

डॉक्टर रागावले नाहीत. "बाई, नळी अर्धी दाबली गेलीय. आज घरी गेलात तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही. आधी दुसरा पेशंट घेतो. तेवढ्यात ठरवा."

ते गेल्यावर तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्या अक्काचं काय झालं ते बगितलं की मी. न्हाय जायाचं मला."

म्हणजे ती माझ्यामुळे भ्याली होती. ही उठून गेली आणि गावाकडे गुदमरून मेली तर? डबा घेऊन आलेल्या माझ्या नवऱ्याला खुणेनं म्हटलं, पाळकसाहेबांना बोलवा. ते म्हणाले, साहेब कालच वैराग गावी गेलेत. झालं. आता कोण उरलं? मीच, आणि तीही बिनआवाजाची.

मी उठून तिच्या खाटेवर बसले. टाके ओढत होते. ऐकू यावं म्हणून तिनं कान माझ्या तोंडाजवळ आणला. मी सांगितलं, मीही भ्याले होते. लई भ्याले होते.

ती म्हणाली, "तुमी तर रोज देवाचं करता. त्यानं तुमचा आवाजच नेला की. मग त्याचं काय सांगता मला?"

मी जे होतं ते सांगितलं.

"आवाज गेला, त्याचा मला राग आहे. त्याला तसं बोललेय मी. पण ऑपरेशनच्या टेबलावर तोंडावर गुंगीच्या औषधाची जाळी ठेवली, तेव्हा मला एक प्रार्थना आठवेना, एक गीत आठवेना. येशू, तू हायस का, एवढंच म्हटलं. आणि तो होता, गंगव्वा. कसं कळलं ते सांगता येत नाही. पण मी एकटी नव्हते. तूही नसशील. मी इथं बसून त्याला तुझ्यासाठी सांगत राहते."

तिनं गज सोडला. दंडावरची डबी चाचपली आणि स्ट्रेचरवर जाऊन झोपली.

पुढचा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. दार हललं की मी उठून बघायची. हिचं काही बरंवाईट झालं तर तिच्या नवऱ्याला मी काय तोंड दाखवणार होते? प्रभू, माझ्या आवाजाचं राहू दे, हिला सुखरूप परत आण, एवढंच घोकत होते.

तिला आणली. डोळे मिटलेले, गळा पांढऱ्या पट्टीत. श्वासातली शीळ बंद झाली होती. दुपार कलल्यावर ती हलली, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अक्का, पानी." मला हेवा वाटला, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

गंगव्वा घरी गेली, डबी पुन्हा गळ्यात घालून. माझाही आवाज हळूहळू आला, पण घोगरा. वरचा सूर लागत नाही, तो लागणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. गीत आता दुसरी मुलगी उचलते. वाईट वाटतं अजून. डॉक्टरांचे, सिस्टरांचे उपकार मात्र मी विसरत नाही, आणि ‘बोलत चला’ म्हणणाऱ्या पाळकसाहेबांचेही. त्यांना मी तसं सांगितलं, तर ते पुन्हा नुसते हसले.

चर्चमधल्या माझ्यासारख्या माणसांनो, आपल्याला वाटतं, नीट बोलता आलं की मग प्रभूबद्दल सांगू. मला तर आवाजही नव्हता.

परवा दारात एक अनोळखी बाई उभी होती. पदरानं गळा झाकलेला, बरोबर म्हातारा बाप. आत यायला अवघडत होती. पदर जरा बाजूला झाला तशी गाठ दिसली.

"गंगव्वानं धाडलंय," ती म्हणाली. "तुमी टेबलावर एकट्या नव्हता म्हनं. कोन हुतं संगं?"

मी दोघांना आत घेतलं, चहा टाकला, आणि तिच्या शेजारी सांगायला बसले.