उंदरांचं बीपी
सुताराच्या दुकानावरून गेलो, की भुशाच्या वासाने मला प्रयोगशाळेत भुसा अंथरलेल्या पिंजऱ्यांतले माझे उंदीर आठवतात. नव्वदीच्या अखेरीस, नाशकात, खारट खाण्याने आतडी सुजून रक्तदाब वाढतो हे मी त्यांच्यावर सिद्ध करायला निघालो होतो. शेवटची मोजणी नेमकी विसर्जनाच्या दिवशी आली, आणि ती पुढे ढकलता येईना. उंदरांचा रक्तदाब शेपटीला पट्टा बांधून मोजतात, आणि तेव्हा उंदीर शांत हवा. इथे खिडकीखाली ढोलपथक! धावत जाऊन हात जोडले, "हळू वाजवा रे, उंदरांचं बीपी मोजतोय." "सर, बाप्पाचं वाहन ते! त्यांच्यासाठीच वाजवतोय!" वर येऊन मोजलं, तर अळणी खाणाऱ्यांचा दाबही खारट खाणाऱ्यांइतकाच चढलेला. कित्येक वर्षांचं काम मातीत गेलं होतं. मी खाली उतरलो, एकाचा ढोल कमरेला बांधला आणि डोळे न पुसता बडवत सुटलो. मिरवणूक बघायला आलेली बायको अजून म्हणते, "अहो, इतकं जीव तोडून तुम्ही संशोधनही केलं नव्हतं."