लालासाब पेंटर आणि वाकडा पटका

राजारामपुरीतल्या लालासाब पेंटरला काम सांगणं म्हणजे विकतचा वैताग. दुकानाची पाटी तो चार दिवसांत देई. पण माणसाचं चित्र म्हटलं की गेला महिना. आधी कॅनव्हासवर नुसते काळे, करडे, पांढरे डाग. नाक नाही, डोळे नाहीत. विचारलं तर म्हणे, "डोळं बारीक करून बघा की!" गिऱ्हाइकं बिचारी रस्त्यात उभी राहून डोळे बारीक करत. वीस वर्षं हेच करून त्याचे स्वतःचे तर कायमचेच बारीक झालेले.

तरी मुरगूडच्या नेमगोंडांना मीच त्याच्याकडं नेलं. चौऱ्याहत्तर साल. त्यांचे वडील वारलेले. फोटो एकच, लग्नातला, चाळीस माणसांचा. त्यात वडिलांचं तोंड तुरीच्या डाळीएवढं. आई अक्काताईंना मोतीबिंदू. थोडंफार दिसतंय तोवर मालकांना भिंतीवर बघायचं, एवढाच त्यांचा हट्ट.

दीड महिन्यानं चित्र झालं. नेमगोंडा माझ्यावरच उखडले, "मास्तर, ह्यो काय माणूस गाठून दिलासा? बापाच्या अर्ध्या तोंडाला काळं फासलंय!"

"सावली हाय ती, आण्णा," लालासाब म्हणाला. "काढली तर तोंड भाकरीगत सपाट हुतंय."

"आन् पटका वाकडा?"

"फोटोत वाकडाच हाय."

"सरळ करा. बाप काय पिऊन उभा हाय?"

"डाळीएवढ्या तोंडात नाक-डोळं मला दिसलं न्हाईत. उजेड कुठं, अंधार कुठं, पटक्याचा आकार कसा, एवढंच घावलं. त्येच मोडलं तर मागं ऱ्हातंय कोन?"

मी मध्ये पडलो. दोघंही मला बोलले.

"आईच सांगंल आता," म्हणत नेमगोंडांनी दुसऱ्या दिवशी अक्काताईंना आणलं. त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"आई, नाक-डोळं काय धड जमल्यालं न्हाईत..."

"मला कुठं दिसत्यात नाक-डोळं? सरक बाजूला."

लालासाबनं त्यांना डोळे बारीक करायला सांगितलं नाही. पहिल्यांदाच. अक्काताई बघत राहिल्या. मग हात आपोआप डोक्यावर गेला, पदर पुढं आला, आणि त्या चित्रावर कडाडल्या, "फोटूला हुबं ऱ्हाताना तरी पटका नीट बांधायचा हुता की वो!"

नेमगोंडांनी गपचूप खिशातनं वर्तमानपत्र काढलं आणि चित्राला गुंडाळायला घेतलं.

"आरं थांबा!" लालासाब किंचाळला. "रंग वला हाय!"