ई आणि ऊ यांच्या मधली हाक

आमच्या वस्तीवर संध्याकाळी शेळ्या परत येतात तेव्हा प्रत्येक घरातून वेगळा आवाज निघतो. नेकनूरच्या पुढं डांबरी रस्ता सोडून थोडं आत चाललं की आमची चार-पाच घरं लागतात. सगळ्यांच्या शेळ्या दिवसभर गायरानात एकत्रच चरतात. आज एका घरचा माणूस राखायला जातो, उद्या दुसऱ्या घरचा. दिवस मावळताना कळप हापशापाशी येऊन थांबतो. मग बायका आपापल्या दारातून हाका मारतात. माझी धाकटी चुलती जीभ टाळूला लावून 'टर्रर्र' करते. पलीकडच्या घरची म्हातारी नुसतं 'ये ये ये' म्हणते, पाहुण्यांना म्हणावं तसं. आणि कळपाच्या आपोआप वाटण्या होतात. कुणाला ओढावं लागत नाही.

माझ्या मायची हाक मात्र मला कधी लिहिता आली नाही. आम्ही आईला मायच म्हणतो. शाळेत असताना एकदा मी पाटीवर 'ई' लिहिलं, मग 'ऊ', मग 'यू', आणि तिन्ही पुसून टाकली. ती हाक एका दमात, लांब जाते आणि शेवटी थोडी वर चढते. ऐकताना वाटतं, कुणी शिट्टी घालायला ओठ जुळवले होते आणि मधेच त्याला बोलावंसं वाटलं.

ही हाक तिच्या माहेरची. तिचं माहेर चकलांब्याकडं. लग्नात तिला आंदण म्हणून एक तरणी शेळी मिळाली होती आणि तिच्याबरोबर ही हाकही आमच्या वस्तीवर आली. आज आमच्या दारात आहेत त्या सगळ्या त्याच शेळीच्या लेकी आणि लेकींच्या लेकी. करडू जन्मलं की माय त्याचं तोंड पुसते, त्याला पहिल्यांदा आचळाला लावते आणि त्याच वेळी त्याच्या कानात हळूच ती हाक घालते. दूध आणि हाक त्याला एकदमच कळतात. माहेरी आता तिच्या आईच्या पिढीतलं कुणी उरलेलं नाही, शेळ्याही नाहीत. म्हणजे ही हाक मारणारी ती एकटीच.

गेल्या दिवाळीनंतर मायच्या गळ्यात गाठ निघाली. बीडला नेलं. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली, आम्ही सगळे सुटलो. फक्त डॉक्टरांनी जाताना समजावून सांगितलं की बोलणं हळूहळू परत येईल, पण आवाज पहिल्यासारखा वर चढेलच असं नाही, आणि ओरडायचं तर नाहीच. माय मान हलवत राहिली. तिला तेव्हा बहुतेक घरी जायची घाई होती. ती घरी आली ती कुजबुजतच.

पहिल्या संध्याकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारात उभं राहून हाक मारली. अण्णा बैलांवर ओरडतात तसेच ओरडले. शेळ्या बिचकून थेट चुलतीच्या अंगणात शिरल्या. तिथं बाजेवर तुरीची डाळ वाळत घातली होती.

थोड्या वेळानं चुलती आमच्या दारात आली. "बाई, तुमच्या शेळ्या माज्या घरी मुक्कामाला यायल्यात. आज डाळ खाल्ली, उद्या ताट-वाटी मागत्याल."

"मग हाकल की," अण्णा म्हणाले.

"हाकलू कशी? दाजी, तुमच्यापरीस माजं जास्त ऐकत्यात त्या."

माय गळ्यावर हात धरून हसली. आवाज आला नाही, खांदे तेवढे हलले.

पण पुढं पुढं हसू आलं नाही. शेळ्या हापशापाशी उभ्या राहायच्या, आमच्या दाराकडं बघायच्या, आणि काहीच ऐकू आलं नाही की फुटायच्या. काही चुलतीकडं जायच्या, काही परत गायरानाच्या वाटेला लागायच्या. अण्णांना एकेकीला धरून आणावं लागे. त्यांचे गुडघे दुखतात. एकदा एक करडू आलंच नाही. सकाळी ओढ्यात सापडलं. जिवंत होतं, पण कुत्र्यांनी मागचा पाय फाडला होता.

त्या दिवशी अण्णा माझ्याकडं बघून बोलले, मायकडं त्यांना बघवेना. "असं किती दिवस करावं? बाजारी नेऊन इकाव्या. एक म्हैस बांधू. म्हशीला हाक लागत न्हाई."

मी मायकडं पाहिलं. एरवी ती असं ऐकून घेणारी बाई नाही. ती उठली आणि करडाच्या पायाला हळद लावायला गेली. हळद लावून झाल्यावर मला जवळ बोलावून कुजबुजली, "तू मारून बघ की."

मी मारून बघितली. 'ईऽऽ' म्हटलं, 'यूऽऽ' म्हटलं. शेळ्या रवंथ करत माझ्याकडं बघत राहिल्या. मग मला वाटलं, मोबाइलमध्ये कुठं तरी तिचा आवाज असेल. शोधता शोधता एक व्हिडिओ सापडला, माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशीचा. पेढे वाटताना मागून मायची हाक ऐकू येते, पण वर ट्रॅक्टरवरचं गाणं वाजतंय. हापशापाशी मी तो मोठ्यानं लावला. सगळ्यांचे कान उभे राहिले. सगळ्यात थोरली, एक कान फाटलेली शेळी, पुढं आली, तिनं मोबाइल हुंगला, काच चाटली आणि मान फिरवून चालती झाली.

"काय करायलीस गं?" चुलती तिच्या दारातून ओरडली. "कालिजात हेच शिकिवत्यात काय?"

मी व्हिडिओ बंद केला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. रोज एसटीनं बीडला जाते, वर्गात खिडकीजवळ बसते आणि शक्यतो तोंड उघडत नाही. पण त्याच आठवड्यात कॉलेजात नेमकं तेच शिकवलं, हे चुलतीला अजून खरं वाटत नाही.

आमचा भाषाविज्ञानाचा तास होता. मॅडमनी फळ्यावर माणसाच्या तोंडाचं आडवं चित्र काढलं आणि स्वर कुठं तयार होतात ते दाखवलं. 'ई'ला जीभ पुढं येते, ओठ पसरतात. 'ऊ'ला जीभ मागं जाते, ओठ गोल होतात. मग त्या म्हणाल्या, "आता एक गंमत. जीभ 'ई'च्या जागेवरच ठेवायची, आणि ओठ मात्र 'ऊ'सारखे करायचे. हा स्वर मराठीत नाही."

आणि त्यांनी तो म्हणून दाखवला.

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, "शिट्टी वाजीव की बे." मॅडमचा तो स्वर थोडा कोरडा होता, तोकडा होता, पण आमच्या दारातलाच आवाज होता.

मॅडम पुढं सांगत होत्या. फ्रेंच माणसं हा स्वर म्हणताना ओठ चांगलेच पुढं काढतात. जर्मनमध्ये तो लांब आणि आखूड असा दोन्ही येतो, आणि आखूड म्हणताना तोंड जरा सैल पडतं. तुर्की भाषेत शब्दात हा स्वर असला की पुढं जोडलेला प्रत्ययही त्याला जुळवून घेतो. चिनी भाषेत हा आहे. ज्यांच्या भाषेत नाही ती माणसं आपल्याला जमेल ते म्हणतात, कुणी 'ई', कुणी 'ऊ', आपल्याकडची बहुतेक 'यू'. जुन्या ग्रीक भाषेत होता, पण म्हणणाऱ्यांचे ओठ हळूहळू सैल पडत गेले आणि आता तिथं नुसती 'ई' उरली आहे.

"मग तो स्वर गेला कुठं?" एका मुलानं विचारलं.

"पिढीपिढीनं थोडा थोडा बदलत गेला," मॅडम म्हणाल्या. "गेला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नसेल."

तास संपल्यावर मी प्राध्यापकांच्या खोलीबाहेर बराच वेळ उभी राहिले. आत जावं आणि शेळ्यांचं बोलावं, हे मला बरं वाटेना. शेवटी मॅडमच बाहेर आल्या आणि "काय गं?" म्हणाल्या. मी अडखळत सगळं सांगितलं, मायचं ऑपरेशन, कळप, येणारा बाजार. त्या हसल्या नाहीत. मला खुर्चीवर बसवून म्हणाल्या, "म्हण बघू."

मी म्हटलं.

"ओठ गोल केलेस की तुझी जीभ मागं पळते. आपल्याला 'ऊ'ची सवय आहे ना. जिभेचं टोक खालच्या दातांना टेकव. तिथंच राहू दे. आता ओठ आण."

खूपदा चुकल्यावर एकदा तो आवाज निघाला. मी दचकून तोंडावर हात ठेवला.

"हा झाला पुस्तकातला," मॅडम म्हणाल्या. "फ्रेंच कसा ते मी सांगेन, जर्मन कसा ते सांगेन. तुझ्या आईचा मी कसा सांगणार? तो तिलाच विचार."

घरी आले तेव्हा माय भाकरी थापत होती. मी तिच्यासमोर बसून हळूच तो स्वर काढला. तिचा हात परातीतच थांबला. मग तिनं मान तिरकी केली, डाळीत मीठ कमी पडल्यावर करते तशी.

"ओठ लई काढलेस," ती कुजबुजली. पिठाच्याच बोटांनी तिनं माझी हनुवटी धरली, दोन्ही गाल आत दाबले आणि मला तिच्या तोंडाकडं बघायला सांगितलं. तिनं हाक मारली, आवाजाशिवाय. ओठ जेमतेम जवळ आले होते, जणू गरम चहावर फुंकर घालायची आहे पण घाई नाही. मी तसं केलं. तिनं आपला ओला हात माझ्या गळ्यावर ठेवला. "हितून न्हाई. खालून." आणि हात माझ्या छातीवर आणला.

"माय, जीभ कुठं ठेवतीस तू?" मी विचारलं.

"जीभ? मला काय ठावं? तोंडात."

"खालच्या दाताला लागती का बघ."

तिनं परत आवाजाशिवाय हाक मारली आणि डोळे मोठे करून थांबली. "आगं, लागलेलीच हाय की!" इतक्या वर्षांत तिनं आपल्या जिभेकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. मग तिला गंमत वाटायला लागली. भाकरी करपेपर्यंत ती तोंड हलवून बघत होती, आणि मला तिच्या ओठांवरून तिच्याच हाकेचा अंदाज येत होता. माझ्या तोंडाला, नाकाला सगळं पीठ लागलं होतं. अण्णा आत डोकावले, आमच्याकडं बघितलं आणि काही न विचारता करपलेली भाकरी उलटून गेले.

बाजाराच्या आदल्या दिवशी अण्णांनी जीपवाल्याला सकाळी लवकर यायला सांगितलं. दोऱ्या काढून ओट्यावर ठेवल्या. मी म्हणाले, "अण्णा, आज मी हाक मारती." ते म्हणाले, "मार की. मी कुटं नको म्हनायलोय?" पण दोऱ्या त्यांनी उचलल्या नाहीत.

कळप हापशापाशी आला. माय माझ्या मागं दारात उभी राहिली. चुलती तिच्या अंगणात, हात कमरेवर. पहिली हाक 'ऊ'कडं घसरली. एकही शेळी हलली नाही. मागून मायनं माझ्या पाठीवर बोट टेकवलं, बरोबर छातीच्या मागं. मी जीभ दातांना लावली, ओठ जवळ आणले, आणि खालून हाक मारली.

कान फाटलेल्या शेळीनं मान वर केली. ती माझ्याकडं बघत होती की मागं मायकडं, मला अजूनही माहीत नाही. मी दुसऱ्यांदा हाक मारली. ती निघाली. आधी चालत, मग पळत. तिच्या मागं दुसरी, मग लेकी, करडं, शेवटी पाय बांधलेलं ते करडू लंगडत. थोरली माझ्याजवळून गेली, माझ्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि जाऊन मायच्या मांडीला डोकं घासायला लागली.

दोन चुकार पाठी, अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या, सवयीनं चुलतीकडं गेल्या होत्या. तिनं त्यांना कान धरून आमच्या दारात आणून सोडलं. "घ्या. ह्यांना अजून परीक्षा द्यायची हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, जरा हळू आवाजात, "परत एकदा मार गं. तुज्या मायचं ऐकून लई दिवस झालं."

अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी मोबाइल काढला आणि जीपवाल्याला सांगितलं, "उंद्या येऊ नगंस. न्हाई, कायी झालं न्हाई. शेळ्या घरीच हायत्या." दोऱ्या उचलून त्यांनी परत खुंटीला अडकवल्या.

मी मायजवळ गेले. मला विचारायचं होतं, जमलं का. पण तसं विचारायची भीती वाटत होती. ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनंच विषय काढला.

"माजी न्हाई ती हाक," ती कुजबुजली. "जराशी येगळी हाय."

"हं," मी म्हणाले.

"पर येत्यात."

गेल्या महिन्यात थोरलीच्या एका लेकीला करडू झालं. मायनं त्याचं तोंड पुसलं, आचळाला लावलं, आणि नेहमीसारखी त्याच्या कानाशी वाकली. मग थांबली. करडाचा तो ओला, लोंबता कान तिनं दोन बोटांत धरून वर उचलला आणि माझ्याकडं केला.